आक्रमणाचा अपराध : मोझी आणि मेन्शियस

इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांत चीनमध्ये झोऊ राजांची सत्ता नावापुरती उरली होती आणि छिन, छू, छी ही बलाढ्य राज्ये शेजाऱ्यांचे मुलूख गिळत होती. बलवंताने दुबळ्यावर चालून जाणे हा गुन्हा आहे काय, असा प्रश्न या काळात सर्वांत रोखठोकपणे मोझी या विचारवंताने विचारला. दुसऱ्याच्या बागेतली फळे चोरणाऱ्याला सगळे दोष देतात, गुरे पळवणाऱ्याला त्याहून अधिक, आणि माणूस मारणाऱ्याला तर देहदंडच होतो. दहा खुनांचा अपराध दसपट मोठा. मग अख्ख्या राज्यावर घाला घालणाऱ्याचेच गुणगान का व्हावे?

या युक्तिवादाखाली धर्मश्रद्धेचा पाया आहे. लहानमोठी सगळी राज्ये ‘तिआन’ म्हणजे स्वर्गाची गावे आणि माणसे त्याचीच प्रजा; म्हणून आक्रमक राजा स्वर्गाच्याच प्रजेला स्वर्गाच्याच गावांवर सोडतो. मोझी हिशेबही मांडतो : वसंतातल्या मोहिमेने पेरणी बुडते, शरदातल्या मोहिमेने सुगी, जमीन आधीच मुबलक असते, ती मिळवताना खर्ची पडतात ती माणसे.

पण नुसत्या उपदेशाने दुबळे राज्य वाचत नाही, हे त्याने ओळखले होते. त्याचे खरे मोठेपण इथेच आहे. त्याच्या नावाच्या ग्रंथात तटबंदीच्या रक्षणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. छू राज्य सोंग या दुबळ्या राज्यावर चालून जाणार असे कळताच तो दहा दिवस, दहा रात्री चालत छूच्या राजधानीत पोहोचला, अशी कथा त्यात येते. कमरपट्ट्याचा तट मानून झालेल्या लुटुपुटीच्या लढाईत त्याने छूच्या बाजूच्या गोंगशू बान या यंत्रकाराचे नऊ डाव परतवले आणि आपले 300 शिष्य सोंगच्या तटावर सज्ज असल्याचे राजाला सांगितले. मोहीम रद्द झाली.

तरीही मोझीने एक दार उघडे ठेवले. प्राचीन राजे तांग आणि वू यांनी जुलमी राजांना उलथवले, ते त्याच्या मते आक्रमण नव्हते, तो दंड होता. दंड करण्याचा अधिकार कोणाचा, याचा काटेकोर विचार पुढे मेन्शियस या विचारवंताने केला. दंड वरच्याने खालच्याला करायचा असतो. बरोबरीची राज्ये एकमेकांना दंड करू शकत नाहीत. इ. स. पू. 314च्या सुमारास छीने यान राज्य घेतले, तेव्हा यानची प्रजा खूश असेल तरच ते ठेवावे, असे त्याने छीच्या राजाला सांगितले. प्रजेच्या संमतीची ही कसोटी मोलाची आहे, पण ती लावणारा न्यायाधीश म्हणजे स्वतः विजेताच, हे तिचे वैगुण्य. शेवटी छीच्या सैन्याने यानमध्ये लूटमार केली आणि लोक त्याविरुद्ध उठले.

इ. स. पू. 239च्या सुमारास छिनचा मंत्री ल्यू बूवेई याच्या आश्रयाखाली तयार झालेल्या ग्रंथाने मोझीची बाजूच उलटवली : जुलमी राजाचा तट राखणे म्हणजे त्याच्या प्रजेचा छळ लांबवणे. प्रबळ राज्याला हा विचार सोयीचाच होता. इ. स. पू. 221पर्यंत छिनने उरलेली सगळी बलाढ्य राज्ये जिंकली. त्यानंतरच्या हान राजवटीच्या काळात मोझीचा पंथ लोपला. त्याचा ग्रंथ ताओ पंथीयांच्या ग्रंथसंग्रहात टिकून राहिला आणि अठराव्या शतकात चिनी पंडितांनी तो पुन्हा संपादित केला.