धार काढणारा हात

आजऱ्यात आषाढाचा पाऊस लागला की माणसं घरात येतात आणि साप माणसांच्या अंथरुणात. गवशाच्या पलीकडच्या एका वाडीतला शेतकरी दिवसभर रोपलावण करून दमला आणि सोप्यातच जमिनीवर घोंगडं टाकून झोपला. पहाटे त्याच्या पोटात कळ आली. बायकोनं ओवा दिला. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही. मण्यार अशीच चावते; झोपलेल्याला पुष्कळदा जागसुद्धा येत नाही. तासाभरात त्याला एका दिव्याचे दोन दिवे दिसायला लागले, पापण्या मिटू लागल्या, थुंकी गिळवेना. चुलत्यानं भगताचं नाव काढलं. थोरल्या भावानं त्याला गप्प बसवलं आणि १०८ ला फोन लावला.

आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरच्या लशीच्या १० कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या. पण मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकांना जाऊन बसलं की लस त्याला उठवू शकत नाही. तिथून पुढं काही दिवस त्या माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असतो. व्हेंटिलेटर हवा होता. ‘सीपीआरला न्या,’ असं ठरलं. बाहेरून आलेल्या डॉक्टरला कोल्हापूर जिल्ह्यातलं हे वाक्य आधी बुचकळ्यात टाकतं. त्याच्या पुस्तकात सीपीआर म्हणजे छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन माणूस परत आणणं. इथं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, तेही ऐंशीएक किलोमीटरवर.

गाडीतला डॉक्टर तरुण होता, आयुर्वेदाचा पदवीधर. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवूनच, आणि त्यातले बरेचसे असेच आयुर्वेद-होमिओपॅथीवाले. यानं महिन्यापूर्वीच्या प्रशिक्षणात पुतळ्याच्या घशात श्वासनळीची ट्यूब पहिल्या झटक्यात घातली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुतळ्याच्या तोंडात लाळ साठत नाही, पुतळा खड्ड्यात उसळत नाही आणि त्याच्या पायाशी त्याचा भाऊ बसलेला नसतो.

उत्तूर मागं पडलं तसा पेशंटचा श्वास उथळ झाला. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९१. डॉक्टरनं घशात बघायचा लॅरिंगोस्कोप उघडला, दिवा लागला. घशात फेसाळ लाळ. सक्शननं ओढली, पुन्हा भरली. गाडी उसळली, ट्यूब अन्ननलिकेत गेली. ८४. काढली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली. ७३. त्याच्या हातांना घाम सुटला.

‘संपलं बहुतेक,’ तो पुटपुटला.

गाडी थांबली. चालकाला १०८ वाले पायलट म्हणतात, पण आजऱ्यात सगळे त्याला मामाच म्हणायचे. मामा मागचं दार उघडून आत आला. ‘डॉक्टर, नळी ऱ्हाऊ द्या. त्याला नळी न्हाई लागत, वारं लागतंय. अंबू घ्या.’

डॉक्टरला राग आला. चालकानं शिकवावं? पण यंत्र आता ६८ दाखवत होतं आणि त्याच्याशी वाद घालता येत नव्हता. त्यानं जीभ मागं पडू नये म्हणून तोंडात वाकडी प्लॅस्टिकची नळी सरकवली, हातानं दाबून हवा द्यायच्या अंबू बॅगला ऑक्सिजन जोडला, एका हातानं मास्क धरला आणि दुसऱ्यानं बॅग दाबली. दाढी वाढलेल्या गालाच्या कडेनं सगळी हवा फुस्सकन बाहेर. मास्क धरायलाच दोन हात लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं. अंगठे आणि तर्जन्या मास्कवर, उरलेली बोटं जबड्याच्या हाडाखाली, आणि जबडा वर उचललेला. मग बॅग कोण दाबणार? मामाला गाडी हाकायची होती.

मामानं भावाकडं बघितलं. ‘पाव्हणं, म्हशीची धार काढता न्हवं?’

‘रोज दोन येळा.’

‘मग तसंच. पिळायचं न्हाई, दमानं दाबायचं. छाती वर आली की सोडायचं.’

‘सहापर्यंत मोजा आणि दाबा,’ डॉक्टर म्हणाला. जोरात दाबलं की हवा पोटात जाते, पोट फुगलं की उलटी, आणि ती उलटी फुप्फुसात, एवढं त्यानं भावाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. आचळाला दुखवायचं नाही हे त्या हाताला लहानपणापासून माहीत होतं. ७९. ८८. ९५. कोल्हापूर येईपर्यंत तासाच्या वर तो माणूस मोजत होता. मध्ये एकदा आकडा चुकला, तेव्हा रडत रडत पुन्हा एकपासून सुरू केलं.

ट्यूब वाईट, असं इथं कुणी म्हणत नाही. त्याच पेशंटला सीपीआरमध्ये पोचल्यावर ट्यूबच घातली, लख्ख उजेडात, न हलणाऱ्या टेबलावर, सराईत हातानं, आणि सहा दिवस व्हेंटिलेटर चालला. पण रस्त्यावरची गोष्ट वेगळी. हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर इंग्लंडमधल्या रुग्णवाहिका सेवांमध्ये एक मोठा अभ्यास झाला; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ९,००० हून अधिक रुग्णांपैकी काहींना श्वासनळीत ट्यूब, तर काहींना नुसती घशात बसणारी सोपी आय-जेल. रुग्णालयातून सोडताना किंवा तीस दिवसांनी, जे आधी येईल तेव्हा बघितलं तर चांगल्या स्थितीत वाचलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडं जवळजवळ सारखंच.

दिवाळीनंतर तो शेतकरी घनसाळ तांदळाची पिशवी घेऊन आजऱ्यात आला. मामाला भेटला, डॉक्टरलाही. डॉक्टरनं विचारलं, ‘गाडीतलं काही आठवतंय का?’

‘समदं आठवतंय. डोळं उघडत न्हवतं, बोट हालत न्हवतं, पर कान चालू हुतं. तुम्ही म्हणलासा, संपलं बहुतेक. मी आतल्या आत वरडत हुतो, न्हाई संपलं म्हणून. मग दादानं मोजाय सुरवात केली. त्याचं चुकलं तवा मीच मनात पुढचा आकडा म्हणलो.’

डॉक्टर काही बोलला नाही. पिशवी मात्र त्यानं मामाच्या हातात दिली.

वाचकहो, पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट नसली तर निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे पोटात दुखून कुणाच्या पापण्या जड झाल्या, तर दाताची खूण शोधत बसू नका, १०८ लावा. आणि त्या माणसाच्या उशाशी बसाल तेव्हा तो ऐकतोय असं धरूनच बोला.