चिकाटी की हेका?



‘हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडू नये’ ही शिकवण आपण आपल्या मुलांना लहानपणापासून देत असतो. मध्येच माघार घेणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्याचा सत्कार करतो. ही शिकवण चांगलीच आहे. परंतु ती पुरेशी आहे का? सोडून देणे म्हणजे नेहमीच हरणे का? या प्रश्नाचा विचार आज आपण एका खेळाच्या निमित्ताने करू या.

ड्युएथलॉन नावाचा एक खेळ आहे. त्यात प्रथम धावायचे, मग सायकल चालवायची आणि सायकल ठेवून पुन्हा धावायचे. स्वित्झर्लंडमधील झोफिंगेन या गावी १९८९ साली सुरू झालेली स्पर्धा या खेळात विशेष नावाजलेली आहे. तिच्या मोठ्या शर्यतीत १० किलोमीटर धावणे, चढउतारांच्या रस्त्यावर १५० किलोमीटर सायकल आणि अखेरीस पुन्हा ३० किलोमीटर धावणे असते. जगातील उत्तम खेळाडूंनाही त्यासाठी सहा तासांच्या आसपास लागतात. इतरांना त्याहून कितीतरी अधिक.

अशा शर्यतीत पाऊस आणि गार वारा सुरू झाला की खरी कसोटी लागते. चढावर घामाने आणि पावसाने अंग चिंब होते, उतारावर तेच अंग वाऱ्याने गारठते. बोटे बधिर होऊन ब्रेक दाबता येत नाहीत. पोटात अन्न उरलेले नसते, त्यामुळे शरीराला ऊब निर्माण करणेही जड जाते. आणि सायकलवरून उतरल्यावर ताठरलेल्या पायांनी ३० किलोमीटर धावायचे बाकीच असते!

तरीही माणसे धावतात. त्यांना वेडे म्हणून आपण मोकळे होऊ नये. शरीराला शिस्त लावणे, कंटाळ्यावर आणि वेदनेवर मात करणे यात माणसाचे काही मोलाचे प्रकट होते. संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना धावपटूचाच दाखला दिला. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत, त्यामुळे त्याच्या वाचकांना तो दाखला लगेच उमगला असेल.

तेराव्या शतकातील तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या मते धैर्याचे मुख्य काम चढाई करणे नसून सोसत उभे राहणे हे होय. पण ते तेथेच थांबत नाहीत. चिकाटी या सद्गुणाला दोन शत्रू आहेत, असे ते सांगतात. एक म्हणजे मऊपणा, जो थोड्या त्रासाने हातपाय गाळतो. दुसरा म्हणजे हेका, जो योग्य मर्यादा ओलांडूनही अडून बसतो. पहिला शत्रू आपण लगेच ओळखतो. दुसरा मात्र चिकाटीचाच अंगरखा घालून येतो, म्हणून तो अधिक फसवा.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात काय घडले ते पाहा. तेथे डोंगरातून १०० किलोमीटर धावण्याची शर्यत होती. १७२ स्पर्धक सकाळी निघाले. अनेकांच्या अंगावर आखूड चड्डी आणि पातळ बनियन एवढेच होते. वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. दुपारी उंच डोंगरावर अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. २१ जण मरण पावले. त्यांत देशातील नामांकित धावपटूही होते. आयोजकांची तयारी अपुरी होती, असे चौकशीत पुढे आले, आणि तो दोष मृतांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण काही स्पर्धक वेळीच मागे फिरले आणि वाचले, हेही खरे. त्यांना आपण हरलेले म्हणणार का?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची जीभ अडखळते आणि विचार गोंधळतो. म्हणजे ‘आता थांबावे की नाही’ हे ज्या बुद्धीने ठरवायचे, तीच बुद्धी ऐन गरजेच्या वेळी साथ सोडते. म्हणून जाणता खेळाडू आपली मर्यादा घरून निघतानाच ठरवतो आणि वाटेवरच्या पंचाने ‘थांब’ म्हटले की थांबतो. ते ऐकणे हा दुबळेपणा नाही. आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसू शकते, हे मान्य करणे म्हणजे विवेक होय.

आपल्या घरांतही असेच घडते. एका बांधावरून दोन भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढतात. वकिलावर जमिनीच्या किमतीपेक्षा अधिक खर्च होतो, पण माघार कोणी घ्यायची? लग्नाचा थाट ठरला म्हणून कर्ज काढले जाते, आणि हप्ते फेडताना घरातील हसू मावळते. याला आपण जिद्द म्हणतो. रागाने किंवा मानापमानाने बुद्धी गारठली आहे, हे त्या वेळी आपल्याला कळत नाही. बायकोला, आईला, शेजाऱ्याला ते कळते. उलट अंथरुणाला खिळलेल्या सासूची रोज सेवा करणारी सून कोणाच्या टाळ्यांसाठी टिकून राहत नाही. ती चिकाटी खरी.

मग दोहोंतील फरक कसा ओळखावा? आमच्या मते दोन प्रश्न पुरेत. मी हे कोणासाठी धरून ठेवले आहे? आणि ते धरून ठेवताना मला दुसरा माणूस दिसतो का?

गान्सूच्या त्याच डोंगरावर झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ होता. थंडीवाऱ्यापासून बचाव म्हणून तो एका गुहेत थांबला होता. अडकलेल्या गुहेबाहेरच्या धावपटूला त्याने आत आणले, त्याचे गारठलेले हातपाय चोळले, शेकोटी पेटवली. आणखी काही जण तेथे पोहोचले. कोणी बाहेर पडून आहे असे कळताच तो पुन्हा वादळात गेला आणि बेशुद्ध पडलेल्या एकाला घेऊन आला. असे सहा जीव वाचले. त्याच्या छातीवर क्रमांक नव्हता, त्याला अंतिम रेषा गाठायची नव्हती. म्हणूनच कदाचित त्या दिवशी कोणासाठी धावायचे हे त्याला नेमके दिसले.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने हाती घट्ट धरलेली एक गोष्ट तपासून पाहू या. ती प्रेमाने धरली असेल तर वादळातही सोडू नये. ती केवळ हेक्याने धरली असेल, तर ती सोडून मागे वळणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. मागे वळायलाही धैर्य लागते.