टपालाने गेलेले गाणे

अंबडच्या माणसाला शास्त्रीय संगीताची ओळख करून द्यावी लागत नाही. मत्स्योदरी देवीच्या या मराठवाड्यातल्या गावाला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा आहे. ग्वाल्हेर, बडोदा, मिरज ही गाण्याची ठाणी इथून लांब, तरीही कान तयार असलेला श्रोता या गावाने जपला. गाणे अशा आडवाटेच्या गावांत पोचते ते गायकांमुळे, हे उघड आहे. पण त्याला आणखी एक वाट होती, टपालाची. तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

ही वाट ज्यांनी रुंद केली त्यांत पहिले नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेला हा माणूस पेशाने वकील. वकिली सोडून त्यांनी संगीताचा अभ्यास हेच आयुष्य मानले. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले, पुढे १९०७ आणि १९०८ मध्ये पूर्वेकडे आणि उत्तरेकडे. हैदराबादचे संस्कृत ग्रंथकार अप्पा तुळशी त्यांच्या विद्याव्यवहारातले सोबती. अंबड तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते. भातखंड्यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली, उस्तादांकडून मिळवलेल्या शेकडो बंदिशी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शिष्याने शंका काढावी, गुरूने ती उलगडावी. गावोगावी एकट्याने शिकणाऱ्या माणसाला यातून समोर बसून बोलणारा गुरू मिळाला.

१९२६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने लखनौला संगीताचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. भातखंडे मुंबईचे, कॉलेज लखनौचे. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली हे तिथले त्यांचे सहकारी आणि दोघांमधला पत्रव्यवहार हा कॉलेजच्या उभारणीचा एक मोठा दस्तऐवज आहे. संस्था म्हटली की आपल्याला उद्घाटनाचा फोटो आठवतो. पण संस्था उभी राहते ती पैशाची चिंता, शिक्षकांची निवड आणि अभ्यासक्रमाची घासाघीस यांतून, आणि हे सगळे पत्रांत असते.

या कॉलेजची धुरा पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ वाहिली. भातखंड्यांचे शिष्य, बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले गायक आणि मुंबईचे पदवीधर. गवई आणि पदवीधर ही जोडी त्या काळात दुर्मीळ होती. ‘सुजान’ या नावाने त्यांनी धृपदापासून तराण्यापर्यंत विपुल रचना केल्या. ‘अभिनव गीत मंजरी’त त्या आहेत. चिदानंद नगरकर, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर हे त्यांचे शिष्य. १९५७ साली पद्मभूषण मिळाले आणि त्यानंतर खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरूपद. १९७४ साली ते गेले. मैफलीत नाव कमावण्याची ताकद असलेल्या माणसाने आयुष्य वर्गात घालवले. त्याची भरपाई त्यांच्या शिष्यांनी केली.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती या परंपरेतली एक साधी गोष्ट, स्वरलिपी. भातखंड्यांनी ती अगदी हलकी ठेवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर खाली कंस. याला वेगळा कागद लागत नाही की वेगळे यंत्र. आख्खी बंदीश पोस्टकार्डावर मावते. जे गाणे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहिल्याशिवाय हाती लागत नसे, त्याचा सांगाडा आता टपालाने पाठवता येऊ लागला.

सांगाडाच, हे मात्र विसरता येत नाही. दरबारीचा गंधार कागदावर ‘ग’ आणि खाली एक रेघ एवढाच उतरतो. त्याचे आंदोलन, धैवताचा संथ डोल, मींड कुठून उचलायची आणि कुठे सोडायची, हे गळ्यातून कानातच जाते. भातखंडे-रातंजनकरांवर पुस्तकी म्हणून टीका झाली. १९५०च्या दशकात आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीत रातंजनकर परीक्षक होते तेव्हा अनेक कलावंत बिथरले. शास्त्राच्या पट्टीने कलावंत मोजायचा का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण स्वतः रातंजनकर फैयाज खाँकडे शिकले होते आणि त्यांनी गिंड्यांसारखे शिष्य समोर बसवून घडवले. लिपी म्हणजे तालीम नव्हे हे त्यांना टीकाकारांइतकेच ठाऊक होते. लिपी विस्मरणापासून वाचवते, तालीम निर्जीवपणापासून. दोन्ही हव्यात.

पत्रांचे महत्त्व इथेच आहे, कारण ती या दोहोंच्या मधली जागा भरून काढतात. ग्रंथात माणूस निष्कर्ष लिहितो. पत्रात तो शंका लिहितो. अमुक रागात निषाद कोणता घ्यावा, अमुक बंदिशीचा पाठ कोणता खरा, विद्यार्थ्याची प्रगती का अडली, हे छापील पानांत सापडत नाही. संगीताच्या इतिहासात आपण ध्वनिमुद्रिका जपल्या, फोटो जपले, पण शिक्षकांच्या पत्रव्यवहाराला रद्दीचा भाव दिला.

मराठवाड्यातल्या किती घरांत गाणाऱ्या आजोबांच्या वह्या, गायकांची पत्रे, कार्यक्रमांची निमंत्रणे पेटीत पडून असतील! घर बदलताना आणि वाटण्या होताना ती आधी जातात. ज्या गावात संगीताला देवस्थानाचा मान आहे, त्या अंबडने तरी हे थांबवावे. दत्तजयंतीच्या महोत्सवात गायनाच्या जोडीने एक टेबल कागदांसाठी मांडावे. लोकांनी जुनी पत्रे, वह्या आणाव्यात, मोबाइलवर नीट फोटो घ्यावेत, पत्र कोणी कोणाला कधी लिहिले याची नोंद करावी आणि मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत. जे देण्यास तयार असतील त्यांचे कागद गावच्या ग्रंथालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात ठेवावेत. खासगी मजकूर असेल तर कुटुंबाची संमती आधी घ्यावी.

याला फार पैसा लागत नाही, चार जाणती माणसे आणि थोडी चिकाटी पुरते. हे काम येत्या मार्गशीर्षातच सुरू व्हावे.