अल्पतम लांबीचे आकुंचन

मायकेलसन व मोर्ली यांच्या 1887 सालच्या क्लीव्हलँड येथील प्रयोगात प्रकाशाचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरमधून धावणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा मागमूसही लागला नाही, तेव्हा डब्लिनच्या फिट्झजेराल्डने, गतिमान पदार्थ गतीच्या दिशेने किंचित आखडत असला पाहिजे, ही उपपत्ती 1889 मध्ये एका अमेरिकन नियतकालिकास पत्राने कळविली. आणि गंमत अशी की, ते पत्र छापले गेले की दफ्तरी दाखल झाले, याचा पत्ता पुढे कित्येक वर्षे खुद्द त्यालाही नव्हता. 1892 मध्ये लोरेंट्झला तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. या हिशेबाने सेकंदास 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचा व्यास जेमतेम सहा सेंटिमीटरांनी घटतो. परंतु उभयतांच्या मते ही घट पदार्थाच्या अंगी प्रत्यक्ष घडत होती. 1905 मध्ये आइन्स्टाइनने ईथरलाच रजा दिली आणि लांबी ही मोजणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, असा निवाडा केला.

तत्पूर्वी 1899 मध्ये प्लांकने निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांतून एक लांबी काढून ठेवली होती: दशांशचिन्हानंतर चौतीस शून्ये देऊन मग सोळा लिहावे, इतके मीटर. लेनिनग्राडच्या ब्रॉन्स्टाइनने 1936 मध्ये दाखविले की, गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद एकत्र नांदवावयाचे तर मापनाच्या सूक्ष्मतेला कोठेतरी सीमा पडते. येथेच तंटा उभा राहतो. एका निरीक्षकाला जी लांबी अल्पतम, ती वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याला निम्मी भासली, तर तिचे अल्पतमत्व उरले कोठे? कोणी सापेक्षतेस मुरड घालण्यास सिद्ध झाले, कोणी प्रकाशवेगाप्रमाणेच या लांबीलाही सर्व निरीक्षकांसाठी समान ठरवू लागले. मला ही दुसरी तडजोड चतुर, पण काहीशी ओढूनताणून आणलेली वाटते.

खरी किल्ली हार्टलँड स्नायडरने 1947 मध्येच पुढे केली होती, आणि 2003 मध्ये रोव्हेल्ली व स्पेत्सियाले यांनी ती क्वांटम गुरुत्वाच्या कुलपाला लावली. त्यांचा युक्तिवाद समजण्यास, 1922 साली फ्रँकफर्ट येथे श्टेर्न व गेरलाख यांनी चुंबकांतून सोडलेल्या चांदीच्या अणूंकडे पाहावे: काचेवर पसरट डाग न पडता दोनच पट्टे उमटले, कारण अणूच्या भ्रमणाचे मापन एका विशिष्ट एककात अधिक अर्धा किंवा उणे अर्धा एवढेच उत्तर देते. आता अधिक अर्धा आलेले अणू घेऊन उपकरण साठ अंशांनी कलते करा. जुन्या यामिकीप्रमाणे उत्तर पाव यावयास हवे. प्रत्यक्षात पाव कधीच येत नाही, शंभरांपैकी सुमारे पंचाहत्तर अणू अधिक अर्धा आणि उरलेले उणे अर्धा दाखवितात, आणि पाव येतो तो केवळ सरासरीत. कलण्याने उत्तरांची यादी बदलत नाही, प्रत्येक उत्तराची संभाव्यता बदलते. गतीचेही तसेच, असे रोव्हेल्ली व स्पेत्सियाले यांचे म्हणणे: धावत्या निरीक्षकाला अर्धी अल्पतम लांबी आढळत नाही, यादीतील एखादे पूर्वीचेच मूल्य हाती लागते, आणि आकुंचन पावते ती अनेक मापनांची सरासरी.

10 मे 2009 रोजी फर्मी दुर्बिणीने सात अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून आलेल्या गॅमा किरणांची नोंद केली, आणि सर्वांत ऊर्जावान कण स्फोटाच्या प्रारंभापासून सेकंदाच्या आतच पोहोचलेला आढळला. सापेक्षतेस मुरड घालणाऱ्यांच्या सर्वांत सरळ मांडणीप्रमाणे इतक्या ऊर्जेच्या कणाला वाटेत याहून अधिक उशीर होणे भाग होते. अल्पतम लांबी अद्याप कोणी मोजलेली नाही, त्यामुळे रोव्हेल्लींचा पक्ष एवढ्याने सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. मात्र त्यांच्या हिशेबात असा उशीर मुळी लागतच नव्हता.