मालक नसलेला महिना

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी हे गाव आहे. यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट याच गावचा. देवगिरीचे राज्य मावळतीला लागले असताना इथे अग्रहाराचे दान दिले गेले, एवढे जुने हे ठिकाण आहे. एरवी आपल्या शेतीभातीत असलेले हे गाव अधिक महिना लागला की माणसांनी भरून जाते. गोदेत स्नान, पुरुषोत्तमाचे दर्शन, दीपदान आणि नदीकाठची जत्रा असे महिनाभर चालते. या जत्रेमुळे धर्मविचारातला एक जुना प्रश्न समोर येतो. काळ मुळात पवित्र असतो, की माणसे त्याला पवित्र करून घेतात? माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे. मात्र काळ पवित्र करून घेणे कोणाच्या हुकमाने होत नाही आणि नुसत्या गर्दीनेही होत नाही, असेही मला वाटते.

अधिक महिना हा मुळात हिशेबाचा भाग. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकराएक दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा धरून ती भरून काढावी लागते. ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे संक्रमण होत नाही, तो अधिक. सूर्य रास बदलत नाही म्हणून महिन्याला स्वतःचे नाव नाही, आणि नाव नाही म्हणून मान नाही. लग्न, मुंज, वास्तुशांत काही करायचे नाही. महिन्याचे नावही मलमास. पुराणकथा इथूनच सुरू होते. प्रत्येक महिन्याला अधिपती आहे, याला कोणी नाही. सगळ्यांनी झिडकारलेला हा महिना विष्णूकडे जातो आणि विष्णू त्याला आपलेच नाव देतो, पुरुषोत्तम. काळ स्वभावतःच पवित्र असता, तर या कथेची गरजच पडली नसती. गणिताच्या बाकीतून उरलेल्या दिवसांना कोणीतरी आपले म्हटले, म्हणून ते पवित्र झाले.

आपले म्हणणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे स्वयंपाकघरात दिसते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत सुकवून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचे. अनारसा खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे, तेव्हा जाळी पडते. असे तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि ते ताट जावयाच्या हाती. पुरणाचे धोंडे करून लेक-जावयाला जेवू घालायचे. महिन्याला स्वतःची संक्रांत नाही, पण या निमित्ताने लेक माहेरी येते.

याच्या शेजारी फ्रान्सचा अनुभव ठेवून पाहावा. तिथल्या क्रांतिकारकांनी १७९३ साली नवे पंचांग आणले. तीस दिवसांचे बारा महिने, आठवड्याऐवजी दहा दिवसांचा दशक, आणि वर्षअखेर उरणारे पाच दिवस, चौथ्या वर्षी सहा. उरलेल्या दिवसांचे काय करायचे हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी ते दिवस उत्सवांना दिले: सद्गुणाचा, प्रतिभेचा, श्रमाचा असे एकेक दिवस. कल्पना उदात्त होती, यात मला शंका नाही. ८ जून १७९४ रोजी पॅरिसमध्ये परमतत्त्वाचा भव्य महोत्सव झाला. चित्रकार दाविद याने त्याची आखणी केली आणि क्रांतीचा नेता रोबेस्पिएर अग्रभागी होता. दोन महिनेही उलटले नाहीत तोच त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १८०६ च्या आरंभी नेपोलियनने ते पंचांगच मोडीत काढले. रविवार हिरावून घेतलेल्या लोकांना सणाच्या दिवशी धडा मिळत होता. त्यांच्या हाताला त्या दिवशी करण्यासारखे स्वतःचे काम फारसे नव्हते.

यावर कोणी म्हणेल की अधिक मासही वरूनच आला. पंचांगकर्त्यांनी तो ठरवला आणि पुराणिकांनी त्याचे माहात्म्य रचले. हे खरे आहे. पण माहात्म्याने जप, स्नान, दान सांगितले, आणि लोकांनी त्यात लेकीचे माहेरपण आणून बसवले. शास्त्राने जागा मोकळी ठेवली होती, ती घरांनी भरली. दशकाच्या पंचांगात अशी जागा फार थोडी होती.

दुसरा आक्षेप फ्रान्समधूनच येतो आणि तो अधिक खोल आहे. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १९१२ च्या ग्रंथात मांडले की उत्सवात एकत्र आलेल्या माणसांना जी शक्ती जाणवते, ती समाजाचीच असते. देव हे तिचे रूप. जत्रेतल्या उत्साहाचे हे वर्णन मला बरेचसे पटते. तरीही पुरुषोत्तमाची कथा त्यात मावत नाही. समाज स्वतःलाच पूजत असता, तर त्याने आपल्या थोर महिन्यांची गोष्ट सांगितली असती. इथे समाजाने ज्याला बाहेर ठेवले, त्याला देव जवळ घेतो. समूहाला त्याची चूक दाखवणारा देव निव्वळ समूहाचे प्रतिबिंब कसा असेल?

तिसरा आक्षेप बीड जिल्ह्यात टाळताच येणार नाही. धोंड्याच्या नावाखाली जावयाला अंगठी, कपडे, कधी त्याहून जड काही द्यावे लागते आणि कर्जातला बाप आणखी वाकतो. मागून घेतलेले दान हे दान नव्हे; ती वसुली आहे, आणि तिला पुरुषोत्तमाचे नाव देणे हा कथेचा अपमान आहे. कथा तर पुढचे मागते. ज्याला कोणी वाली नाही त्याच्यासाठी हा महिना, असे ती सांगते, आणि आपण मात्र ताट नेमके त्याच्यापुढे धरतो ज्याचा मान आधीच मोठा आहे. विधवा, परित्यक्ता, मूल नसलेली बाई यांना या महिन्याचे पहिले वाण का मिळू नये? शास्त्र आड येईल असे मला वाटत नाही. आड येते ती सवय.

या जिल्ह्याला हा महिना आणखी एका कारणाने जवळचा वाटायला हवा. इथली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दिवाळी फडाच्या वाटेवर, संक्रांत पाचटाच्या कोपीत. अधिक महिना मात्र बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन या काळातच येतो: २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण, आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून पुन्हा ज्येष्ठ. म्हणजे तोडकरी जोडपे गावात असते तेव्हाच हा सण येतो. फडावर सहा महिने काढून आलेल्या लेकीला या महिन्यात माहेरी बोलवायचे, तर तिच्या बापाकडून अंगठीची अपेक्षा न धरता तिला नुसते जेवायला आणि निजायला येऊ द्यावे लागेल.