वयावर टाकलेलं

पूर्वी ओढत नेणारं कुत्रं हल्ली सकाळच्या फेरीत मागे राहतं. वळणावर उगाच थांबतं. 'वय झालं आता त्याचं,' आपण मायेनं म्हणतो आणि पट्टा सैल सोडतो.

बहुतेक वेळा ते खरंच असतं. कधी मात्र वयाच्या आड स्वरयंत्रातली किंवा श्वासनलिकेतली गाठ वाढत असते. कुत्र्यांत अशी गाठ विरळाच. पण ती हळूहळू वाढली, तर सहज लक्षात येत नाही. भुंकणं घोगरं होतं. श्वास आत घेताना आवाज येऊ लागतो. वाट थोडी अरुंद झाली, तरी कष्ट फार वाढतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेलाही सोळापट अडथळा होतो. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच ते अंग निववतं. म्हणून उन्हात त्याचा श्वासही कोंडतो आणि उष्माही.

कुत्रं तक्रार करत नाही. ते आपलं जगणं श्वासाच्या मापाचं करून घेतं. आधी जिना सोडतं, मग चेंडू, मग दारात आलेल्यावर भुंकणं. आपल्याला वाटतं, स्वभाव निवळला.

ते झोपलेलं असताना जरा जवळ बसून श्वास मोजावेत. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. गाढ झोपेत निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण ३०च्या आत असतात. पण आकडा ठीक असला, तरी कान उघडे ठेवावेत. घरघर नवी आहे का? आवाज बदललाय का? प्रत्येक घरघर गाठीची नसते. म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडले, तरी असाच आवाज येतो. कारण शोधणं डॉक्टरांचं काम. बदल ऐकणं आपलं. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या, तर मात्र क्षणभरही थांबू नये.

एखादी गोष्ट वयावर टाकली, की आपलं पाहणं थांबतं. सवयीनं माणूस जवळ येतो. सवयीनंच तो दिसेनासाही होतो.

घरात आणखी कुणी, न बोलता, काय काय सोडून दिलं आहे? आज विचारून पाहता येईल.