बिऱ्हाड कोठे करावे?

वास्कोचे एक दांपत्य मुलीसाठी खोली पाहावयास निघाले होते. तिला ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि जुवारीचा पूल ओलांडून रोजची ये-जा तिला झेपण्यासारखी नव्हती. "वस्ती कशी पाहावी?" असे त्यांनी मला विचारले. प्रश्न रास्तच आहे. ग्रंथालयातून उशिरा परतणाऱ्या मुलीला रस्त्यावर दिवा हवा, बस हवी, भाडेही परवडले पाहिजे. अशी काळजी घेण्यात अविश्वास नाही.

पण वडील पुढे म्हणाले, "चिंबलकडे नको. तिकडचे लोक..." आणि एकाएकी थांबले. हे कुटुंब बायण्याचे. तेथील किनाऱ्यावरची वेश्यावस्ती सरकारने २००४ साली पाडली. तरी पुढे कित्येक वर्षे सोयरीक जुळविताना "बायणा" म्हटले की समोरच्याचा चेहरा बदले, हे त्यांनीच मला सांगितले होते.

वाचकहो, रस्त्यावरचा अंधार पाहणे निराळे आणि माणसांची भाषा, जात, धंदा पाहणे निराळे. अंधार स्वतः जाऊन पाहता येतो. माणसांचा निकाल मात्र आपण ऐकीव गोष्टींवरून देतो. हिरवळीला भुलून लोटाने यार्देनेचे खोरे निवडले, हे संडे स्कूलमध्ये आपण आवर्जून शिकवितो. तोच लोट वेशीत बसून परक्यांना आग्रहाने घरी नेतो, हे सांगावयास वेळ उरत नाही!

शेवटी आईने ठरविले की, ताळगाव, सांताक्रूझ आणि चिंबल, तिन्हीकडे दिवेलागणीनंतर पायी फिरावयाचे व घरमालकिणीपाशी घटकाभर बसावयाचे. खोली कोठे मिळाली ते अद्याप कळलेले नाही.